साळवेकाकांच्या आवाजातली ती सूचना

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या घरात देव्हारा नाही, उपास नाहीत, अमावस्या कधी येते ते कॅलेंडर बघितल्याशिवाय कळत नाही. वडील शाळामास्तर. कुणी अंगात आल्याचं सांगू लागलं की ते शांतपणे विचारायचे, "जेवण झालंय का तुमचं?" अशा घरात वाढलेली मी अनाकलनीय अनुभवांच्या या सदरात लिहायला बसेन असं कुणी म्हटलं असतं, तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण जे झालं ते माझ्या एकटीच्या बाबतीत झालेलं नाही... अर्ध्या गंगापूर रोडने ते ऐकलंय.

साधारण दोन हजार आठ-नऊच्या आसपासची गोष्ट. नाशकात गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात छोटं कम्युनिटी रेडिओ स्टेशन होतं. टॉवर कसला, गच्चीवरचा खांबच तो. आवाज इकडे आनंदवल्लीपर्यंत जायचा आणि तिकडे द्वारका चौकात पोचेपर्यंत त्याची नुसती खरखर व्हायची. नोकरी सांभाळून मी तिथे फुकट एडिटिंग करायचे. हौस, दुसरं काय!

तिथला सगळ्यात लाडका कार्यक्रम होता रविवार सकाळचा जॅझचा. हो, नाशकात, जॅझ. तो करायचे डॅनियल साळवे. शरणपूर रोडला राहायचे. तरुणपणी देवळाली कॅम्पात बँडमध्ये ट्रम्पेट शिकले, मग जन्मभर लग्नाच्या वराती वाजवल्या. जॅझ म्हणजे काय हे त्यांनी पहिल्याच भागात सांगून टाकलं होतं : "वरात पोचली, नवरदेव घोड्यावरून उतरून आत गेला, आणि आता बँडवाल्यांना जरा स्वतःच्या मनासारखं वाजवायला मिळालं... ते जॅझ." एवढं बोलून रेकॉर्ड लावली. मिसळ खायला बसलेली माणसं चमचा हातात धरून ऐकत राहिली म्हणे.

कार्यक्रमाच्या शेवटी ते शहरातल्या सूचना वाचत. कुठे चित्रांचं प्रदर्शन, कुठे एकांकिका, कुठे कुणाच्या तबल्याच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम. रविवारी सकाळी काका आणि त्यांच्या पत्नी रूथकाकू चर्चला असत, म्हणून सगळं शुक्रवारीच रेकॉर्ड व्हायचं. काकांनी स्वतःचा कार्यक्रम कधीच हवेवर ऐकला नाही. पण एक हट्ट होता. शुक्रवारनंतर काही बदल झाला, हॉल बदलला किंवा गायिकेचा घसा बसला, तरी ती दुरुस्ती दुसऱ्या कुणी वाचायची नाही. शनिवारी स्वतः येऊन नव्याने वाचायचे. "माझ्या पंगतीत दुसऱ्याने वाढायचं नाही," म्हणायचे. ऐकणाऱ्यांनाही ही सवय माहीत होती. काकांच्या आवाजात आलं म्हणजे ते शेवटचं आणि पक्कं.

आणखी एक. ट्रम्पेटवाल्याची छाती ती! प्रत्येक वाक्याआधी ते एवढा मोठा श्वास घ्यायचे की माइकमध्ये वारा शिरल्यासारखं व्हायचं. काही श्वास मी कापायचे, बरेचसे राहू द्यायचे, कारण ते काढले की काका काकांसारखे वाटायचे नाहीत.

त्या उन्हाळ्यात काकांनी एक बैठक ठरवली. नाशकातल्या वादकांची जॅझची बैठक. लग्नाच्या बँडातला एक क्लॅरिनेटवाला, चर्चमधला कीबोर्डवाला आणि गिटारवर माझा धाकटा भाऊ अमित. पंचवटीतल्या एका ट्रस्टचा जुना हॉल मिळाला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता. शुक्रवारी रेकॉर्डिंगला काका इतके खुशीत होते की सूचना वाचताना हसू आवरेना. शेवटी म्हणाले, "मंडळी, सगळ्यांनी या. रिकाम्या खुर्च्यांपुढे मला वाजवता येत नाही." ते वाक्य मी माझ्या हाताने एडिट केलं. त्यातला श्वास तसाच ठेवला.

रविवारी सकाळी घरी रेडिओ चालू होता. आई कांदा चिरत होती, अमित गिटारच्या तारा बदलत होता. गाणी झाली, सूचना सुरू झाल्या. प्रदर्शन, एकांकिका, सगळं ओळखीचं. आणि मग काकांचा आवाज म्हणाला, "आजची बैठक रद्द झाली आहे. कोणी येऊ नका. घरीच थांबा. कोणी येऊ नका."

अमित तारा तशाच सोडून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, काल येऊन दुरुस्ती केली असणार. त्याने काकांना फोन लावला, मोबाइल बंद. रविवारी चर्चला जाताना ते बंदच ठेवत आणि पुष्कळदा चालू करायला विसरत. अमित चिडला, एवढी प्रॅक्टिस वाया गेली म्हणून. मलाही राग आला, निदान मला तरी सांगायचं! फक्त एक गोष्ट खटकली. त्या वाक्यांच्या मध्ये श्वास नव्हता. एकदाही नाही. मला वाटलं, स्टेशनचे इनचार्ज निकम सर, त्यांनी घाईत सगळे श्वास कापले असतील. आणि मी भाजी फोडणीला टाकली.

ज्याने रद्द केलं त्यालाच फोन करून "रद्द झालं बरं का" असं कोण सांगणार? क्लॅरिनेटवाल्याने ऐकलं, तो पिंपळगावला एक वरात होती तिकडे गेला. कीबोर्डवाल्याची त्या रविवारी चर्चमध्ये वाजवायची पाळी नव्हती, तो रेडिओ ऐकत बसला होता, तोही घरीच राहिला. यायचं ठरवलेल्या सगळ्यांनी ऐकलं. रूथकाकू चर्चमधून परस्पर बहिणीकडे देवळालीला गेल्या होत्या. आणि साळवेकाका, ज्यांनी काहीच ऐकलं नव्हतं, इस्त्रीचा शर्ट घालून, ट्रम्पेट घेऊन पंचवटीत पोचले.

हॉलसमोरच्या चहावाल्याने नंतर मला सांगितलं, "पाच वाजून गेले, कोणी येईना. बाबा भाईर आले, चहा पेले. मी म्हणलं, बाबा, कोणी नाय का? तर म्हणले, येतील, आपली माणसं उशिरानंच येत्यात. अन् आत जाऊन बसले."

आत जाऊन पहिल्या रांगेत बसले. थोड्या वेळाने छताचा एक भाग पुढच्या रांगांवर खाली आला. वॉचमन हॉल उघडून देऊन घरी गेला होता. बाहेर लग्नसराई, रस्त्यातून वाजतगाजत वरात चाललेली, छत पडल्याचा आवाज कुणाच्या कानावर गेला नाही. काकांचे पाय छताच्या लोखंडी गर्डरखाली अडकलेले, पण ट्रम्पेट हाताला लागत होतं.

"मंग वाजवाया लागले," चहावाला म्हणाला. "लय वेळ वाजवत व्हते, ताई. वरात गेली तरी वाजवत व्हते. आमी म्हणलं, चालू झाला वाटतं कार्यक्रम. ह्या गिऱ्हाइकांनी तर माना पन डोलवल्या. मंग हळूहळू थांबलं."

हे सांगताना त्याने पातेलं गॅसवरून उतरवून ठेवलं आणि परत चढवलंच नाही. अंधार पडल्यावर वॉचमन कुलूप लावायला आला, तेव्हा काका सापडले. दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

मी दुसऱ्या दिवशी तणतणत स्टेशनवर गेले, कुणी हा आचरटपणा केला ते बघायला. निकम सर डोक्याला हात लावून बसले होते. म्हणाले, "सुजाता, शनिवारी मी स्टेशन उघडलंच नाही. लाइट नव्हते. साळवे आलेच नाहीत." रविवारी कार्यक्रम लावून ते खाली चहाला गेले होते, त्यांनी सूचना ऐकल्याच नाहीत. आम्ही फाइल लावली. तीच, मी केलेली. "मंडळी, सगळ्यांनी या." जे हवेवर जातं त्याचीही कॉपी मशीनमध्ये आपोआप साठते, ती लावली. त्यातही "सगळ्यांनी या". श्वासासकट.

मी काय काय तपासलं नाही! दुसऱ्या स्टेशनचा आवाज मध्ये घुसला म्हणावं, तर काकांचा आवाज त्यांच्याकडे कुठून? कुणी नक्कल केली म्हणावं, तर फाइल जशीच्या तशी. आम्हालाच भास झाला म्हणावं, तर वेगवेगळ्या घरांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना, शब्दाला शब्द सारखा? अमित अजून म्हणतो की काकांचं मनच आपल्याला वाचवायला आलं होतं. खरंय, पहिल्या रांगेत आईची आणि माझी खुर्ची होती. तिथे काय उरलं होतं ते मी पाहिलंय. वाचलो आम्ही. हे मान्य करून गप्प बसायची माझी तयारी होती.

मग महिन्याभराने रूथकाकू स्टेशनवर आल्या. म्हणाल्या, "मला त्यांचा शेवटचा कार्यक्रम ऐकव." मी हेडफोन दिले. त्यांनी पूर्ण ऐकला, मध्ये एकदा हसल्यासुद्धा. संपल्यावर हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"यात तर ते बोलावतायत सगळ्यांना."

"हो काकू."

"आणि तुम्ही ऐकलंत की येऊ नका."

"हो."

त्यांनी हेडफोनची वायर बोटांना गुंडाळली. मग म्हणाल्या, "तुम्ही वाचलात, प्रभूची कृपा. मनापासून सांगते. पण तू जवळ असतीस, अमित असता, मागच्या खुर्च्यांवर चार माणसं असती, तर कुणीतरी त्यांना ओढून काढलं असतं ना गं? ज्याने तुम्हा सगळ्यांना घरी थांबवलं, त्याला यांनाही थांबवता आलं नसतं? की त्याला हे एकटेच हवे होते?"

त्या सूचनेत काकांचा श्वास नव्हता, हे मी काकूंना त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही नाही. काकू अजून दर रविवारी चर्चमधून आल्यावर मला फोन करतात, जेवलीस का विचारतात. तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.