अक्का आणि मॅडम

हुलसूरमध्ये एका किराणा दुकानाच्या माडीवर गुंडेरावांचा कंप्युटर क्लास होता. मालक ते, पण क्लास चालवायची ज्योत्स्ना. १९९९ साली बिदरहून डिप्लोमा करून आली आणि या क्लासमध्येच रमली. गावात कुणाचाही कंप्युटर अडला की निरोप तिला. पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरायचे. ज्योत्स्ना पर्समधून विंडोजची सीडी काढायची आणि दुपारपर्यंत मशीन नव्यासारखं करून द्यायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. त्या हाकेवर ती खूश होती.

२००८च्या जूनमध्ये प्रतीक्षा आली. पुण्यात नोकरी करायची, आईच्या आजारपणामुळं परतली होती. गुंडेरावांनी तिला संध्याकाळची बॅच दिली. पहिल्याच आठवड्यात तिनं सहाही मशीनवर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टीम बसवली. आता मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन्ही नावं यायची आणि दहा सेकंद थांबायची. काही केलं नाही तर विंडोज. खालच्या बाणाचं बटण दाबून एंटर मारलं तर लिनक्स.

"ह्याला व्हायरस लागत न्हाई, अक्का," प्रतीक्षा म्हणाली. "तुमचा बी त्रास वाचल."

ज्योत्स्नाला तो त्रास वाचायला नको होता.

सुरुवातीला संध्याकाळचीच पोरं बाण दाबायची. मग सकाळची, तिच्या स्वतःच्या बॅचची पोरंही दाबू लागली. ती मागं उभी राहून त्यांची बोटं बघायची. एक बोट खाली गेलं की ती तोंड फिरवायची. शिवाय पोरं तिला अक्का म्हणायची आणि प्रतीक्षाला मॅडम. नऊ वर्षांत तिला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. पुण्याहून तिलाही एकदा नोकरीचं पत्र आलं होतं. वडील नको म्हणाले, ती गेली नाही. प्रतीक्षा फोनवर पुणेरी ढंगात "नाही ना" म्हणायची, तेही तिला टोचायचं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी ज्योत्स्नानं क्लास एकटीनं उघडला आणि सीडी घालून एकेका मशीनवर विंडोज नव्यानं चढवलं. तसं केलं की निवडीचा पडदा निघून जातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाच मशीनवर तेवढंच केलं. चौथ्यावर मात्र हात थांबला नाही. तिथला लिनक्सचा भागच तिनं पुसून टाकला.

"व्हायरस आलता," सोमवारी तिनं सांगितलं.

प्रतीक्षानं आपली सीडी लावून पाच मशीनवर तो पडदा परत आणला. चौथ्यापुढं बराच वेळ बसली, काही परत मिळालं नाही, मग संध्याकाळच्या बॅचमधल्या धनलक्ष्मीला बोलावलं. धनलक्ष्मीचा कॉलेजचा प्रोजेक्ट त्या पुसलेल्या भागात होता, चाळीस पानं, आठ दिवसांत द्यायचा. पोरगी तिथंच रडायला लागली.

ज्योत्स्नाला हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, "कच्ची वही आण. मी टाइप करून देते."

वहीत निम्माच मजकूर होता. उरलेला धनलक्ष्मी आठवून आठवून सांगत गेली. पाच दुपारी दोघी बसल्या. सहाव्या दिवशी प्रिंट निघाल्यावर ज्योत्स्ना प्रतीक्षाकडं गेली.

"मीच पुसलं."

"कळलतं मला. विंडोजची सीडी घेऊन हितं दुसरं कोण येतंय? पण कामून केलात, अक्का?"

"तुझा हेवा वाटायलाय मला. तू आल्यापासून."

प्रतीक्षानं तिची समजूत घातली नाही. "धनलक्ष्मीला तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाली.

ज्योत्स्नानं सांगितलं. धनलक्ष्मी प्रोजेक्ट घेऊन गेली आणि पुन्हा क्लासला आली नाही. ते ज्योत्स्नाला फार लागलं. त्यानंतर ती संध्याकाळी थांबू लागली, मागच्या बाकावर बसून प्रतीक्षाचं शिकवणं ऐकू लागली. कधी शंका विचारायची, कधी रागानं उठून जायची.

दोन वर्षांनी आई बरी झाली आणि प्रतीक्षा पुण्याला परत निघाली. बॅग जीपमध्ये चढवताना ज्योत्स्ना म्हणाली, "मलाबी जायचं होतं गं तवा."

"व्हय? मग आता या की."

ज्योत्स्ना गेली नाही. जीप बसवकल्याणच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली. मनातली जळजळ अजून होतीच. मग ती संध्याकाळची बॅच घ्यायला माडी चढली.