माप कोण घेणार?

मागच्या कार्तिकात नरहर वारले, तेव्हा इथल्या एका हिंदी वर्तमानपत्रानं फोटोसकट बातमी छापली. पुरुषांच्या कपड्यांत बनारसी रेशमाला नवं रूप देणारे काशीचे पहिले फॅशन डिझायनर गेले, असं तिच्यात होतं. शेवटची ओळ होती, त्यांच्यामागे पत्नी आहे.

त्या पत्नीचं नाव कालिंदी. बातमीत ज्या कोटांचं कौतुक होतं, ते सगळे तिनं बेतलेले आणि तिनंच शिवलेले. नरहरना सुईत दोरा ओवता येत नव्हता. मी त्यांच्याच गल्लीत राहतो. हे रागानं लिहितोय, पण वाढवून लिहीत नाही.

कालिंदीचे वडील जबलपूरला लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट शिवायचे. ताठ गळपट्टी, खांद्यांत गादी, आणि जेठ महिन्याच्या उन्हात आतला माणूस घामानं चिंब. लग्न होऊन ती काशीला पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आली, तर इथले नवरदेवही तसेच शिजत होते. तिनं बंद गळ्याच्या कोटाच्या पाठीचं अस्तरच काढून टाकलं. त्यामुळे उघड्या पडलेल्या शिवणी रेशमी पट्टीत बांधल्या. कोट उलटा करून पाहिला तरी नेटका दिसला पाहिजे हा तिचा हट्ट. अंगभर जरीचा किनखाब म्हणजे चालता पडदा, असं ती म्हणे. तिनं तो फक्त गळ्याच्या आत आणि बाहीच्या मुडपीत लावला. हात वर केला की तेवढाच चमकायचा. आज मोठ्या शहरांतली दुकानं तसे कोट विकतात. त्या काळी बनारसमध्ये तसा कोट दुसरं कोणी शिवत नव्हतं.

नरहर कापडाच्या दुकानात सेल्समन होते, बोलायला गोड. कालिंदीच्या कोटांचं दुकान निघालं, तेव्हा नोकरी सोडून ते काउंटरवर बसले आणि मापं घेऊ लागले, कारण पुरुषाच्या छातीभोवती बाईनं टेप धरलेला गल्लीला चालणार नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलेलं चालतं. नर्सनं इंजेक्शन टोचलेलं चालतं. टेप तेवढा बाटवतो!

इकडे माप घेणाऱ्याला मास्टरजी म्हणतात. नरहर मास्टरजी झाले, कालिंदी पडद्यामागे मशीनवर राहिली. सुरुवातीला ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे की हे डोकं आमच्या हिचं. लोक हसायचे, केवढ्या मनाचा माणूस म्हणायचे. पुढे कॅमेरे घेऊन मुलाखतवाले यायला लागले आणि ते सांगणं बंद पडलं. ते नेमकं कधी, हे कालिंदीलाही आठवत नाही. एकदम नाही, विसरल्यासारखं होत गेलं, असं ती म्हणते. तिचा आवाज तेव्हा अगदी साधा असतो. संताप माझाच होतो.

तेरावं झाल्यावर तिनं दुकान उघडलं. लगनसराई तोंडावर होती. गिऱ्हाईक दारात यायचं, आत डोकवायचं.

"अब नाप कौन लेगा?"

मी घेईन, ती म्हणायची. फिर आते हैं, म्हणून माणूस जायचा तो जायचाच. त्या हंगामात कोणी तिला माप दिलं नसतं, तर दुकानाला कुलूप लागणार होतं आणि कालिंदीचं सगळं काम कायमचं नरहरच्या नावावर जमा होणार होतं. शेजारच्या विष्णु पानवाल्यानं कळवळ्यानं तोड काढली. कुणीही पुरुष उभा करा भाभी, बस मूँछ होनी चाहिए.

"तो आपकी बकरी को खड़ा कर दूँ?" कालिंदी म्हणाली. "दाढ़ी भी है।"

अशात एका मराठी मंडळाचे देवदत्त आले. त्यांची दोन कामं होती. नातवाच्या, कुणालच्या, लग्नाचा कोट शिवायचा होता. मापाला त्यांनी त्याचा जुना कुर्ता आणला होता. शिवाय मंडळ नरहरचा स्मृतिसोहळा करत होतं.

"वहिनी, नरहरच्या हातची एखादी वस्तू द्या. फोटोशेजारी ठेवू."

ती आत जाऊन एक पायजमा घेऊन आली. लग्नानंतर नरहरनी हौसेनं शिवलेला. एक पाय आखूड, नाडीची वाट मधेच शिवून बंद झालेली.

"त्यांच्या हातचं एवढंच आहे, भावजी."

देवदत्तांना वाटलं, दुःखानं हिचं चित्त थाऱ्यावर नाही. त्यांनी मऊ आवाजात फोटोशेजारी ठेवायला एखादा कोट मागितला. कोट देते, पण खाली माझं नाव लिहा, ती म्हणाली. बॅनर छापून झालेत, ते म्हणाले. तुमचाही शाल देऊन मान करूच की.

"शाल कशाला? मी कोट शिवते."

कुर्ताही तिनं परत केला. कोट हवा असेल तर कुणालला पाठवा, माप मी घेईन. देवदत्त कुर्ता घेऊन गेले, पायजमा तिथेच राहिला.

सोहळा झाला. मी मागच्या रांगेत होतो. एकामागून एक वक्ते उठले आणि नरहरच्या बोटांतल्या जादूवर बोलले. त्यातले तिघे-चौघे कालिंदीनं शिवलेले कोट घालून बोलत होते. तिचं नाव एकदा निघालं, तेही "सौभाग्यवती" म्हणून, आणि नवरा गेलेल्या बाईबद्दल असं बोललो हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कुणाल एकटाच आला. पुण्याला नोकरी करतो, तिचा कोट त्याला हवाच होता. बनियनवर उभा राहून त्यानं छत बघत हात वर केले. पोट आत ओढलेलं.

"श्वास सोड," ती म्हणाली. "लग्नात दिवसभर असाच उभा राहणार आहेस?"

तो हसला. पोट जागेवर आलं. टेप कमरेभोवती गेला तेव्हा तो हळूच म्हणाला, "काकू, माप आपने लिया, ये आजोबांना कळायला नको."

कालिंदीनं टेप सोडला.

"शर्ट घाल आणि घरी जा."

"काकू, मेरा वो मतलब नहीं था."

"तुझा तोच मतलब होता. सगळ्यांचा तोच असतो."

ती मशीनकडे वळली. कुणालनं शर्ट उचलला, पण घातला नाही. गल्लीतून माणसं जात होती, दार सताड उघडं होतं. थोड्या वेळानं त्यानं शर्ट खुर्चीवर ठेवला आणि पुन्हा हात वर केले.

"सांगतो," तो म्हणाला.

"कोणाला?"

"आजोबांना. आणि जो विचारेल त्याला."

कालिंदीनं दार लोटलं नाही. टेप उचलला आणि छातीपासून पुन्हा सुरुवात केली.