दोन काठांचे शिंपले

वर्धा नदीच्या शिंपल्यांवर आमचे घर चालत असे. नाचणगावच्या बाजूला, अगदी काठावर, आमची चुन्याची भट्टी होती. उन्हाळ्यात डोह उतरला की दोन्ही काठांचे लोक बुड्या मारून शिंपले काढत आणि आम्ही ते भाजून पानाचा चुना करत असू. आमच्या काठाचा माल धाकटा भाऊ घेई. पलीकडचा माल तिकडेच राहणारा माझा साळा नावेतून आणी.

पन्नास सालानंतर आमच्या टोपल्या घटू लागल्या आणि पलीकडच्या वाढू लागल्या. पलीकडचे आपला डोह लुटतात, असे सगळे म्हणत. मी मात्र टोपलीबरोबर शिंपल्याचा आकारही पाहत होतो. तळहातापेक्षा लहान शिंपला परत पाण्यात टाकायचा, असा जुना रिवाज होता. तो आधी आमच्या लोकांनी मोडला, आता पलीकडच्यांनी मोडला होता. त्यांच्या भरलेल्या टोपल्यांत सुपारीएवढी पिल्ले होती.

एका दुपारी काठावर गर्दी तापली होती. मी म्हटले, "त्याइचंही संपूनच राह्यलं. आपल्या एकदोन सालं मागं हायत, एवढंच."

"दादा, तू साळ्याचा वकील झाला का?" भाऊ म्हणाला. लोक हसले.

तेवढ्यात साळ्याची नाव टेकली. पहिला दगड नावेला लागला, दुसरा त्याच्या कपाळाला. तो वल्हे घेऊन उतरला आणि समोरच्याचे मनगट त्याने मोडले. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग काठ्या सुरू झाल्या. तो गुडघ्यावर आला, तरी थांबल्या नाहीत. भावाने भट्टीजवळच्या ढिगातून न विझवलेला चुना मुठीत घेतला आणि त्याच्या डोळ्यांत फेकला.

अशा वेळी भट्टीवरचा माणूस तेल मागतो. नदीवरचा माणूस पाण्याकडे धावतो.

"पाण्यात नोको जाऊ!" मी ओरडलो. त्याने उडी मारली होती. ओल्या डोळ्यांत चुना उकळला. पाण्यातून आलेली ती किंकाळी माणसाची वाटत नव्हती.

आम्ही त्याला केसांना धरून बाहेर ओढले. बायको तेलाची बाटली घेऊन धावत आली. आपल्या भावाचे डोके मांडीवर घेऊन तिने त्याच्या डोळ्यांत बाटली रिकामी केली आणि तीच माझ्या भावाच्या तोंडावर हाणली. त्याचे दात रक्ताने भरले.

"भावजी, माह्या भावाचा डोया द्या पह्यले!"

उजवा डोळा गेला. डावा वाचला.

पुढच्या उन्हाळ्यात साळा पुन्हा बुडी मारू लागला. शिंपले तळव्यांनीच चाचपायचे असतात, त्याला डोळे लागत नाहीत. बराच वेळ तो डोहात होता. वर आला आणि माझ्या भावासमोर मूठ उघडली. नुसते गोटे.

"घ्या," तो म्हणाला. "आमच्याकडचंही आता इतकंच हाय."

भावाने गोटे हातात घेतले. भट्टीत लाकडे रचून ठेवली होती, ती त्याने एकेक करून बाहेर काढली.