भाऊजींचा गुटका

इंजिनात घोडे किती, हे बिनचूक सांगणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. भाऊजींचं वाशिमला टिनाचं गॅरेज होतं. ट्रकच्या पुस्तकात घोड्यांचा आकडा छापलेला असे, पण छापील गोष्टींवर भाऊजींचा काडीचा विश्वास नव्हता. "ते विलायतेतले घोडे," म्हणायचे, "त्याईनं कधी मेडशीचा घाट पाह्यला काय?" त्यांचं माप म्हणजे बाभळीचा गुटका. भरलेली गाडी चढावर दम टाकून थांबली की मागे घरंगळू नये म्हणून चाकाखाली सरकवतात, तो ठोकळा. पातुराकडून वर चढताना तो जितक्यांदा लागेल तितकी गाडी अशक्त. इंजिनात सुधारणा करून एक गुटका वाचला की दोन घोडे वाढले, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि दोनच का, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. पुढे पुढे माणसंही ते यावरच मोजू लागले. "आपला मास्तर पाच गुटक्यांचा हाये," म्हणजे त्याला एक काम पाचदा सांगावं लागतं. ताईसमोर मात्र हे माप कधी बाहेर निघालं नाही.

मोजणीचं सोवळं तर भटजींच्या वर. पोती तीच, पेट्रोल तेवढंच, ड्रायव्हरही तोच, म्हणजे मी. गुटका ते स्वतः खांद्यावर घेऊन गाडीमागे चालायचे, कारण दुसऱ्याच्या हातून तो घाईत लागतो आणि माप बिघडतं. एकदा चाराचे तीन गुटके झाले. मी खूश, पण भाऊजींनी ते धरलंच नाही. "काल एकादशी होती. तू उपाशी होता. आज भाकर खाऊन ये, मंग पाहू." मी भाकर खाल्ली, आणि पुन्हा चार लागले.

माझ्या हाती होता तो लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक. गाडीचा मालक शेठ त्याला कंटाळला होता. दिवाळीपर्यंत गाडी मीठ भरून एका दमात घाट चढली नाही तर ती भंगारात जाणार आणि मी घरी बसणार, असं त्यानं साफ सांगितलं. माझं लग्न नुकतंच जुळलं होतं, आणि सासऱ्यानं मुलगी मला नव्हे, स्टिअरिंगला देऊ केली होती. मी भाऊजींचे पाय धरले. त्यांनी इंजिनाचं हेड उतरवून आठ दिवस काचेवर घासलं, सायलेन्सरच्या पोटातलं सगळं काढून टाकलं, आणि गाडी अशी गरजू लागली की गल्लीतल्या म्हशींनी दूध चोरलं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मीठ भरून घाटाला लागलो. नेहमी जिथे दम तुटायचा ते पहिलं वळण गेलं, दुसरंही गेलं. तिसऱ्या वळणावर गिअर बदलताना गाडी हातभर मागे सरकली, पण सावरली. मी पाय उचलला तो थेट माथ्यावर. चाकाला दगड लावून मागे पाहिलं, तर भाऊजी नाहीत. ती हातभर गाडी कुणावर सरकली? ताईला काय तोंड दाखवू? लग्न, नोकरी, शेठ, सगळं विसरून मी उतारावर धावत सुटलो.

दोन वळणं खाली एका पुलाच्या कठड्यावर भाऊजी बसले होते. चपला काढलेल्या, गुटका मांडीवर.

"लागलं काय भाऊजी?"

"कायचं लागते? तू गाडी पयवून राह्यला. मी काय घोडा हाओ?"

मी तिथेच धुळीत बसलो आणि रडलो. इतकं हलकं मला पुढे बोहल्यावरही वाटलं नाही. भाऊजींनी रडू दिलं, मग संशयानं विचारलं, "गाडीले काय लावून आला?"

"दगड."

त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे लागलाच."

"माथ्यावर पोचल्यावर लावला, भाऊजी."

"ताईची शप्पथ?"

"ताईची शप्पथ."

"तं मंग शून्य," ते म्हणाले, आणि गुटक्यावरून हात फिरवत बसले.

गाडी राहिली, लग्न झालं. आहेरात भाऊजींनी तो गुटकाच दिला. त्यानंतर माझ्या गाडीला तो कधी लागला नाही, त्यामुळे भाऊजींनाही घाटात यायचं कारण उरलं नाही. मी अजून तिसऱ्या वळणावर मागे वळून बघतो.