गार नळी आणि सासूबाईंची आठ बोटं

हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा. हे ऐकताना माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता!

लग्नानंतरची माझी पहिलीच रोवणी, म्हणजे भातलावणी. मी मूळची गप्प. सासरी अर्जुनी मोरगावला तर इतकी, की शेजारणीनं सासूबाईंना हळूच विचारलं, "पोरगी बोलते ना वं?"

बोलायचं तर होतं. नागपूरला परत जाऊन पीएचडी करायची होती. पण आमच्या घरात शेवटचा शब्द सासूबाईंचा, आणि तो मागायची माझी छाती होत नव्हती.

अशात त्या बांधावरून घसरल्या. मनगट टम्म सुजलं. नवरा रोवणीच्या चिखलात, म्हणून मीच त्यांना रेल्वेनं गोंदियाला एक्स-रे काढायला नेलं.

दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनीच विषय काढला; नवऱ्यानं कानावर घातलं असावं. "काऊन वं, एमेस्सी झाली ना तुही? आता आणखी काय शिकाचं बाकी आहे?"

आता अशी संधी कोण सोडतं?

"आई, एक्स-रेच्या नळीत एक तार असते, बल्बसारखी. ती तापवली की इलेक्ट्रॉन निघतात, समोरच्या धातूवर आदळतात, आणि एक्स-रे तयार होतात. माझ्या विषयात तारेच्या जागी कार्बनच्या नॅनोनळ्या. केसाहून हजारो पट बारीक, वाफ्यात उगवलेल्या धानाच्या पऱ्ह्यांसारख्या दाट उभ्या. त्यांना तापवावंच लागत नाही! बटण दाबलं की लगेच फोटो. माणूस हलला तरी फोटो हलत नाही."

"म्हणजे चूल न पेटवता भात?"

"अगदी तस्सं!"

सासूबाई पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. इथं थांबले असते तर? पण गप्प माणसाचं बूच एकदा उडालं की उडालं.

आत गेलो. यंत्र चकचकीत, कोरं करकरीत. मी हळूच नळीच्या डब्याला हात लावला. माठासारखा गार! लहानपणी आम्ही चोरून टीव्ही बघितला की बाबा मागून हात लावून ओळखायचे. तीच विद्या मी इथं चालवली.

"आई! हीच ती गार नळी!"

झालं. सासूबाईंनी दारातूनच बाकावरच्या लोकांना वर्दी दिली, "हे माह्या सुनेचं मशीन आहे!"

सगळा बाक दाराशी गोळा. एक आजोबा म्हणाले, "मंग सून फुकट काढून देते का?"

फोटो काढणारे भैया वैतागले. "अम्मा, हाथ टेबल पे रखो. हिलना मत."

मी मोठ्या मनानं म्हटलं, "हलू द्या हो भैया. याला फरक पडत नाही."

"ऐसा किसने बोला?" भैयांनी बटण दाबता दाबता विचारलं.

"हिनं!" म्हणत सासूबाईंनी अभिमानानं बोट दाखवलं. त्याच हाताचं.

पडद्यावर फोटो आला. आठ बोटं, दोन मनगटं.

"अवं, माह्या हाताले इतकी बोटं कवापासून?"

मी चाचरत विचारलं, "भैया, हे मशीन नवीन..."

"नया कहाँ, भाभी? पुराना ही है. अभी रंग मारा."

"पण गार कसं?"

"सुबह से लाइट नहीं थी. आपकाच पहला नंबर है."

आणि मग मला आठवलं. डबा तापतो तो मुख्यतः इलेक्ट्रॉन जिथं आदळतात त्या धातूमुळे. तो तर माझ्या नॅनोनळ्या लावल्या तरी तापणारच! हात लावून कसली नळी ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. माझ्या एमेस्सीच्या प्रोजेक्टमध्ये हे पहिल्याच प्रकरणात होतं. मीच लिहिलेल्या!

"तू बाहेर बस," सासूबाई म्हणाल्या. "आणि तोंड बंद ठेव."

दुसरा फोटो झकास आला. हाड शाबूत होतं. चुरा झाला होता तो माझ्या पीएचडीचा. परतीच्या गाडीत सासूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी तर काय, गप्प राहण्यात पटाईतच.

घरी पाय ठेवताच सासऱ्यांनी विचारलं, "काय निघालं फोटोत?"

"माह्यं हाड बरोबर आहे," म्हणत सासूबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "पण हिले नागपूरले धाडा लवकर. पोरीचं शिक्षण लयच कच्चं राहून गेलं!"