पेवातल्या बाटल्या

लाल दारू मी आयुष्यात दोनदा चाखली. दोन्ही वेळा मलकापुरात, आणि दोन्ही वेळा काम म्हणून. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या सुना इथवर ऐकूनच तोंडाला पदर लावतात आणि पुढचं ऐकायचं राहून जातं.

लग्नानंतर वर्षभर मी मोताळ्याजवळच्या खेड्यात सासूच्या हाताखाली होते. सासू वाईट नव्हती. पण मी भाकर थापायला बसले की ती माझ्या हातांकडे बघत बसायची, आणि चूल फुंकायला वाकले की तोंडाकडे. एवढं पुरे होतं. मग नवऱ्याला मलकापुरात कापूस घेणाऱ्या एका इटलीच्या साहेबाच्या बंगल्यावर माळ्याचं काम लागलं आणि कंपाउंडच्या टोकाला एक खोली मिळाली. माझी चूल, माझी कडी, माझं कुलूप. त्या खोलीसाठी मी काहीही करायला तयार होते.

साहेब उंच, वाळका आणि हिवतापानं पिवळा पडलेला. दसऱ्याला यायचा, होळी झाली की मुंबईला पळायचा. बंगल्यावर आम्ही तिघं. नवरा बाग बघायचा, मी झाडलोट आणि भांडी करायची, आणि स्वयंपाक रोहिणखेडच्या खानसाम्याकडे होता. त्यांना मी चाचा म्हणायची. म्हातारे होते, पाच वेळा नमाज पढायचे आणि दिवसभर कुणावर ना कुणावर रागावलेले असायचे.

एका होळीला मुंबईला निघताना साहेबानं लाकडाची एक पेटी माझ्या नवऱ्यापुढे ठेवली. आत गवतात गुंडाळलेल्या बाटल्या. त्याच्या बापाच्या मळ्यातल्या द्राक्षांची ती लाल दारू होती. तो तिला वीनो म्हणायचा. चांगली व्हायला दहा-बारा वर्षं लागतात म्हणे. तेवढ्यात आंब्याची कोय लावली तर आंबे खाऊन होतात. साहेबानं बोटं मोजून सांगितलं, "ठंडा रखना। अंधेरा रखना। सुलाके रखना।" बाटल्या निजवून ठेवायच्या म्हणजे आतली दारू बुचाला लागून राहते, बूच ओलं राहतं. हे मला लगेच पटलं. मोटेचं कातडं कोरडं पडलं की चिरतं, तसंच ते. चौथी गोष्टही त्यानं सांगितली होती, पण ती नवऱ्याच्या कानात राहिली, माझ्यापर्यंत आली नाही.

आमच्या उन्हाळ्यात थंड जागा शोधायची म्हणजे गंमतच. टिनाच्या कोठीत तर मेणबत्त्या उभ्याउभ्या वाकायच्या. मला आठवलं, विहिरीमागं एक जुनं पेव होतं. बंगला व्हायच्या आधी तिथं कुणाचं तरी घर असणार आणि जमिनीतल्या त्या खोल खड्ड्यात ज्वारी साठवत असणार. आता ते रिकामं होतं. आम्ही तोंडावरची फरशी सरकवली, दिवसभर उघडं ठेवलं, मग दोरीनं पेटता कंदील आत सोडला. पेवातली हवा कोंदलेली असली की कंदील विझतो, आणि कंदील विझतो तिथं माणूसही विझतो. कंदील जळत राहिला. मी शिडी लावून उतरले, खाली कडबा पसरला आणि बाटल्या ओळीनं निजवल्या. बाहेर जीव तळमळत होता आणि आत पाय गार पडत होते.

महिनाभरानं बघायला उतरले, तर प्रत्येक बाटलीच्या कुशीला गाळ बसलेला. मला लाज वाटली. लोणच्याची बरणी आठवड्यातून एकदा तरी हलवावी लागते, नाहीतर खार खाली बसतो, वरच्या फोडी कोरड्या पडतात आणि लोक म्हणतात या घरच्या बाईला वळण नाही. सासूनं हे एवढं घोकून घेतलं होतं की झोपेतही हलवली असती. मग काय, मी दर बाजाराच्या दिवशी फरशी सरकवायची, कंदील सोडायची, खाली उतरायची आणि एकेक बाटली चांगली खळाखळा हलवून परत निजवायची. उन्हाळाभर हलवल्या. पावसाळाभर हलवल्या.

दसऱ्याला साहेब आला. दिवाळीनंतर त्यानं आम्हां तिघांना व्हरांड्यात बोलावलं. मुंबईहून मोठा साहेब येणार होता, तोही इटलीचाच. मलकापूरचा बंगला ठेवायचा की बंद करून सगळं काम खामगावहून करायचं, हे तो एका मुक्कामात ठरवणार होता. बंद झालं तर साहेब खामगावला, चाचा रोहिणखेडला, आणि मी परत सासूच्या नजरेखाली. आठ दिवस हातात होते.

मोठ्या साहेबाला बापाची दारू पाजून खूश करायचं साहेबाच्या मनात होतं, म्हणून त्यानं पेवातली एक बाटली मागवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आत नदीला पूर आल्यासारखं गढूळ.

"किसने हिलाया?"

नवरा म्हणाला, "उंदीर असतीन, साहेब."

उंदीर बाटल्या हलवतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हटलं, "मी हलवल्या."

"क्यों?"

"खाली बसून राह्यलं होतं सगळं. म्हणून."

साहेब खुर्चीत बसला. त्यानं आपल्या भाषेत बरंच काही म्हटलं आणि ते मला न समजलेलंच बरं. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुले सांगतलं होतं ना वं, हलवू नको म्हणून?"

"मले? कवा?"

चौथी गोष्ट तीच होती.

मी म्हटलं, गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून टाकतो, तसं टाकू का? साहेब खुर्चीतून उठलाच. मग शांत झाल्यावर त्यानं सांगितलं की आता सगळ्या बाटल्या उभ्या करायच्या, गाळ बुडाशी बसू द्यायचा, आणि आठ दिवस पेवाजवळ कुणी जायचं नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तुम तो बिलकुल नहीं।"

हातातल्या बाटलीचं बूच काढून त्यानं एक घोट घेतला, ती बाजूला ठेवली आणि मोर्चा चाचांकडे वळवला. मागच्या हिवाळ्यात कुणाला तरी ही दारू पाजली होती तेव्हा चाचांच्या लाल रश्शानं तिचा जीव घेतला, असं त्याचं म्हणणं. हिच्यासोबत चांगलं लागेल असंच काही करा म्हणाला.

तो गेल्यावर चाचा पेटले. "चांगलं लागंन ते करा! मले काय मालूम कशासंगं काय लागते? या हरामच्या चिजेले मी बोट लावत नाही, अन् हा म्हणते रस्सा खराब!"

"मग कोणी तरी चाखून सांगावं," मी म्हटलं.

चाचांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"लोक काय म्हणतीन वं?" नवरा म्हणाला.

"लोक सांगतीन का मले, खोली जाऊन राह्यली तर कुठं राहू ते?"

ती उघडलेली बाटली मी आमच्या खोलीत आणली, गाळ बसू दिला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाटीत थोडीशी ओतली. वास बरा होता. पिकल्या जांभळाचा, आणि मागून तंबाखूच्या ओल्या पानाचा. चव म्हणाल तर कच्च्या जांभळाची साल चघळावी तशी. जीभ खरखरीत, हिरड्या आवळलेल्या. थू म्हणून थुंकावं वाटलं. पण काम होतं. पहिल्यांदा ठेच्यासोबत भाकर खाल्ली आणि घोट घेतला. तोंडात आग लागली आणि वर कडू जहर. चाचांच्या रश्शाचा गुन्हा कळला. मग गुळाचा खडा खाऊन बघितला, तर दारू ताकासारखी आंबट लागली. तिसऱ्या खेपेला सकाळचे रोडगे होते. गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेला कणकेचा रोडगा कुस्करला, वर वरण, वर तुपाची धार. तो घास खाऊन घोट घेतला, तर खरखर कुठल्या कुठं गेली. तूप तिला धुऊन टाकायचं आणि ती तुपाला. जांभूळ मात्र तोंडात राहायचं. मी तीनदा खात्री करून घेतली. तिसऱ्यांदा जरुरी नव्हती.

चाचांना जाऊन सांगितलं, "मिरची नाही, गूळ नाही. तूप अन् चरबी पाहिजे. बकऱ्याचं चरबीवालं मटन घ्या, कांद्यावर तुपात मंद शिजवा, मिरे टाका. अन् पावाऐवजी माहे रोडगे."

"माही सगळी उमर गेली चुलीपुढं. तू मले शिकवून राह्यली?"

"मग तुमी चाखा."

चाचांनी कानाला हात लावले आणि बाजारात मटण बघायला निघाले.

मोठा साहेब आला तो गोल, बुटका आणि न हसणारा. संध्याकाळी दोन बाटल्या पेवातून उभ्याच्या उभ्या, लेकराला आणावं तशा आणल्या. बूच काढून साहेब काचेच्या सुरईत ओतायला गेला, तर हिवतापानं त्याचा हात लटलट कापत होता. बाटलीतला गाळ वर यायला लागला. मी पुढे झाले आणि बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. विचारलं नाही. कढवलेलं तूप बेरी न हलवता बरणीत ओतायचं काम मी दर आठवड्याला करत होते. नवऱ्यानं बाटलीच्या मानेमागं मेणबत्ती धरली. मी एका धारेनं, न थांबता ओतत गेले. मानेत काळी रेघ दिसली तशी बाटली सरळ केली. सुरईतली दारू डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसत होती. साहेबानं दुसरी बाटलीही माझ्याच हातात दिली.

जेवताना आम्ही तिघं दाराआड उभे. मोठ्या साहेबानं पेल्यात नाक घातलं, घोट घेतला आणि पेला उजेडात धरून फिरवत राहिला. चाचा ओठातल्या ओठात काही पुटपुटत होते. मग त्यानं मटण खाल्लं आणि परत घोट घेतला. रोडगा उलटापालटा करून बघितला, तुपात बुडवला, खाल्ला. दुसरा घेतला. तिसरा मागितला. दोघं त्यांच्या भाषेत बोलायला लागले, मग भांडल्यासारखे ओरडायला लागले, मग एकदम हसायला लागले. मला काहीच समजेना.

शेवटी आमचा साहेब उठून दारापाशी आला. "बोलता है, अच्छी है, लेकिन अभी बच्चा है। तीन साल और रखो। यहीं रखो। तीन साल बाद मैं खुद आऊँगा पीने।" बंगला राहिला होता.

चाचांनी विचारलं, "और गोश्त?"

"गोश्त का कुछ नहीं बोला। सब खा गया।"

"मग बोललाच ना," चाचा म्हणाले.

तीन वर्षांनी मोठा साहेब खरंच आला, तेव्हाही ओतायला मीच होते आणि आधी चाखायलाही. तुरटपणा तेव्हा मवाळ झाला होता, रोडग्याशिवायही घोट खाली उतरला. पण त्याच्या आधी सासू आली.

मी चौथीपर्यंत शिकलेली. आम्ही इथंच राहतो, खोली कायम झाली, असं कार्ड मीच लिहिलं होतं. पंधरा दिवसांत सासू गाठोडं घेऊन हजर, आम्हाला एवढं काय बांधून ठेवतंय ते बघायला. खोली बघितली, चूल बघितली, माझ्या भाकरी बघितल्या. विहिरीमागं गेली तर पेवाची फरशी दिसली.

"ज्वारी हाये का आत?"

"नाही. साहेबाच्या बाटल्या."

"कशाच्या?"

"द्राक्षाच्या. मुरत ठेवल्या. तीन वर्सं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, चूल फुंकताना बघायची तसं. "अन् हलवते का त्यायले मधी मधी? का देल्ल्या तशाच टाकून?"

"हलवायच्या नसतात."

"काऊन? बुडाले बसन ना सगळं! काही वळण लागलं नाही तुले."

सासू महिनाभर राहिली. तो महिनाभर पेवाची शिडी मी आमच्या खोलीत, माझ्या खाटेखाली ठेवली.