संकष्टीची तिथी

खाडीवरचा जुना दगडी दरवाजा मला पाहायचा होता. एके काळी मिठाचे पडाव, म्हणजे मालाच्या होड्या, त्यातून ये-जा करत. १९९६ साली, मी जूचंद्रच्या शाळेत नवी शिक्षिका म्हणून आले तेव्हा पडाव संपले होते. पण भरतीआधी फळ्या टाकून तो दरवाजा बंद करायचं काम हरेश्वरकाका अजून करत. खारं पाणी आत शिरलं तर भाताची रोपं जळतात आणि जमीन दोन-तीन वर्षं नासते.

काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गावाने बजावलंच होतं, एकदा चूक झाली की फळ्या ओढायचा लोखंडी आकडा पुतण्याकडे, चंद्रहासकडे. काकांचा हिशेब सोपा होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तिथी रोज सून वाचून सांगायची, पण ती माहेरी गेली होती.

त्या दिवशी दरवाजा पाहायला मी काकांसोबत निघाले, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, आज तिथ कंची?"

"चतुर्थी," मी ऐटीत सांगितलं. संकष्टीचा उपास होता माझा, मला नाही कळणार?

"म्हंजे तीनला भरती. दोनला फल्या टाकू."

आम्ही दीडलाच पोहोचलो. मी दगडातल्या खाचा न्याहाळत होते. शेतातलं पाणी खाडीत पडायचा आवाज थांबला, आणि काकांनी मान तिरकी केली.

"पानी फिरला!"

ते धडपडत खाली उतरले. मी फळ्या देत होते, ते चाचपून खाचेत बसवत होते. तिसरी तिरकी अडकली. पाणी त्यांच्या कमरेला लागलं. म्हातारा वाहून गेला तर? शेवटची फळी बसली तेव्हा दरवाजाजवळचं पहिलं शेत खाऱ्या पाण्याखाली गेलं होतं. ते काकांचंच होतं.

चंद्रहास बांधावरून धावत आला. "उशीर कुनी केला?"

"मीच चुकलो. डोले गेले माजे," काका म्हणाले आणि आकडा त्याच्या हातात दिला.

तिथी मी सांगितली होती, हे मी चंद्रहासला सांगितलं नाही. त्याबद्दल मला स्वतःचीच चीड आजही येते.

परतताना काकांनी हळूच विचारलं, "संकष्टी व्हती ना आज?"

"हो."

"मंग चतुर्थी चंद्र उगवताना. भरतीला सकालची तिथ धरायची, ती तृतीयाच. सव्वादोनची भरती."

मी जागीच थांबले. काका दोन पावलं पुढे गेले आणि वळून म्हणाले, "जपून चाला, बाई. पोटात कायच नाय तुमच्या."